तळेगावची फुंकनळी

चौसष्ट पैशांचा एक रुपया होता, तेव्हाची ही हकीकत. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या मनात आले की, प्रत्येक देशबांधवाने एकेक पैसा दिला तर त्या पैशातून स्वदेशी कारखाने काढता येतील. मी पेशाने मास्तर. हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एक कोटी माणसांनी पैसा-पैसा दिला तर १,५६,२५० रुपये होतात. फळ्यावर हा आकडा मोठा देखणा दिसतो. पण पैसा गोळा करायचा म्हणजे माणसाने दारोदार हिंडायला हवे. काळे हिंडले. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला.

पहिला कारखाना काचेचाच का? त्या काळचे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. दिव्याची चिमणी, औषधाची बाटली, शाईची दौत, आरसा, सगळा माल बहुतकरून परदेशचा. फिरोजाबादसारख्या ठिकाणी बांगड्यांचा जुना धंदा होता खरा, पण चिमण्या-बाटल्यांचे कारखाने इकडे टिकत नव्हते. युरोपातून कारागीर आणून काढलेले कितीतरी कारखाने बुडाले होते. परदेशी कारागिराचा पगार भारी, आणि तो गेला की विद्याही त्याच्याबरोबर बोटीत बसून जायची! म्हणून तळेगावात कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली आली. पैसा फंडाची खरी कमाई मला यात दिसते.

काचेची कृती ऐकायला सोपी आहे. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत घालायचे. उष्णमान चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसपर्यंत गेले की त्यांचा मधासारखा दाट रस होतो. वाळूत लोखंडाचा अंश राहिला असेल तर काचेला हिरवट झाक येते. पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला या रसाचा गोळा उचलायचा आणि नळी सारखी फिरवत ठेवायची. हात थांबला की गोळा ओघळलाच. मग नळी तोंडाला लावून फुंकायचे. फुंक कमी पडली तर भिंत जाड, जास्त झाली तर फुगा फुटतो. वस्तू झाली तरी काम संपत नाही. ती हळूहळू निववावी लागते, घाईने गार केली तर आपोआप तडकते. हे पुस्तकात वाचून येत नाही. गालांना आणि मनगटांना यावे लागते.

आणि इथेच आमच्या पांढरपेशा घरांची अडचण. मुलगा शिकला की त्याने कचेरीत चिकटावे ही रीत. त्याने भट्टीपुढे घाम गाळायचा? शिवाय नळी एकाच्या तोंडची दुसऱ्याच्या तोंडी जायची! उष्ट्याखरकट्याचा विचार करणाऱ्या सोवळ्यातल्या आज्यांना हे सांगायचे तरी कसे? तरी मुले आली.

शिकवायला गुरूही तसाच होता. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातले. जपानात आणि नंतर अमेरिकेत, त्या वेळी बॉस्टन शहरात असलेल्या एमआयटीत शिकून ते परतले आणि तळेगावच्या भट्टीपाशी उभे राहिले. पुढे ते उत्तरेकडे गेले आणि बहजोईच्या काचकारखान्याशी त्यांचे नाव जोडले गेले. तळेगावात शिकलेले हातही देशात ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर पांगले. स्वतःची माणसे अशी दुसऱ्यांच्या कारखान्यांत गेलेली पाहून कोणताही व्यापारी कपाळाला हात लावील. शाळेला मात्र ते भूषणच.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद झाला. देशी काचेला एकाएकी गिऱ्हाईक आले. त्याच धामधुमीत, १९१६ साली, ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत काचकारखाना काढला. पुढे त्यांनी कंदील केला आणि त्याला वडिलांचे नाव दिले: प्रभाकर. प्रभाकर म्हणजे सूर्य. इतके चपखल नाव जाहिरातवाल्यालाही सुचले नसते! खेड्यापाड्यांतल्या किती पोरांनी त्या उजेडात पाढे घोकले असतील. आमच्या घरचा प्रभाकर माळ्यावर पडून होता. २००५ च्या सुमारास भारनियमनाच्या रात्री सुरू झाल्या तेव्हा आईने तो खाली काढला. चिमणी राखेने घासून बसवली, वात कापली, आणि पहिल्या काडीला तो लागला. मुले पुस्तके घेऊन भोवती बसली.

पण बारा महिने रोज कंदील विकत घेणारी घरे विजेने केव्हाच हिरावून नेली होती. ओगल्यांचा कारखाना बंद पडला. त्याच्याभोवती वसलेल्या वस्तीचे नाव ओगलेवाडी, ते मात्र राहिले. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन कऱ्हाड गावात नाही, ते या ओगलेवाडीत आहे. पाटीवर कऱ्हाड लिहिलेले असते आणि उतरणारा नवखा माणूस विचारतो, "गाव कुठे आहे हो?"