उन्हाकडे पाठ

आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो आहे. मागे पेन्सिलीने साल लिहिले आहे, १९५६. वाईच्या घाटावर घरातली नऊ माणसे उभी आहेत आणि त्यांच्या मागे उन्हात चमकणारी कृष्णा. टोप्यांच्या कडा दिसतात, आजीच्या लुगड्याचा काठ दिसतो, तिच्या कडेवरची धाकटी आत्याही ओळखता येते. आजीच्या चेहऱ्याच्या जागी मात्र काळा डाग आहे. तिचा दुसरा फोटो घरात नाही. काका म्हणायचे, "फोटोवाला अडाणी होता." त्या एका वाक्याची शहानिशा करता करता मी छायाचित्रणाच्या इतिहासात शिरलो.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले छायाचित्रकार. त्या काळी काच ओली असेतोवर फोटो घेऊन धुवावा लागे आणि समोरच्याला काही सेकंद निश्चल बसावे लागे. त्यासाठी मानेमागे लोखंडी टेकू देत. उजेड जितका जास्त तितका हा वेळ कमी, आणि वेळ कमी तितका चेहरा रेखीव. चेहऱ्यावर भरपूर प्रकाश हवा हा दंडक असा गरजेतून आला.

पुढे १८८८ मध्ये कोडॅकचा आणि १९०० मध्ये ब्राउनी हा स्वस्त पेटी-कॅमेरा आला. कॅमेरा घराघरांत गेला, तसा 'सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा' हा नियमही गेला. पण समोरून ऊन आले की माणसे डोळे मिचकावतात, लहान मुले तोंड फिरवतात. मग मंडळींना उन्हाकडे पाठ करून उभे करत, आणि तिथे तीन अडचणी उभ्या राहत. पहिली, झगझगीत पाणी आणि सावलीतला चेहरा या दोहोंना एकच प्रकाशमान पुरत नाही. दुसरी, तीव्र प्रकाश फिल्मच्या पाठीमागच्या बाजूवर आपटून परततो आणि केसांच्या, खांद्यांच्या कडा खातो. तिसरी, भिंगातच उजेड विखुरतो आणि चित्रावर धुके आल्यासारखे दिसते. झाईसच्या स्माकुलाने १९३५ मध्ये भिंगावर लेप देण्याची युक्ती काढली खरी, पण साध्या पेटी-कॅमेऱ्यांना ती सहसा लाभली नाही.

उपाय साधे होते. समोर पांढरे धोतर किंवा चादर ताणून धरली तरी परतलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. १९३०च्या सुमारास फ्लॅशचे बल्ब बाजारात आले. ते भर उन्हातही कामी येत. घाटावर यातले काहीच नव्हते. म्हणजे काकांचे म्हणणे खरे, असे मी बरीच वर्षे धरून चाललो.

तीन वर्षांपूर्वी जुन्या पंचांगात त्या फोटोची निगेटिव्ह सापडली. खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावून मी ती त्यावर धरली. निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग फिका असतो. तिथे, अगदी पुसट, पण चेहरा होता! मोबाइलने तिचा फोटो घेतला, संगणकावर उलटवला आणि काळा भाग हळूहळू उजळला. नथ दिसली, कपाळ दिसले. फिल्मने चेहरा टिपला होता. तो हरवला छापताना. कागदावर प्रकाश पाडताना तेवढ्या भागापुरता क्षणभर हात आड धरला असता, तर आजी सत्तर वर्षे अंधारात राहिली नसती.

पण चेहरा रेखीव नाही. शटर उघडले तेव्हा तिची मान हलत होती. उजेड थोडाफार परत मिळवता येतो. हललेली रेघ मिळत नाही. मी तो फोटो आत्याला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ही माझ्याकडे वळत होती."

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या निगेटिव्ह काळ्या पट्ट्या समजून फेकल्या जातात. त्या आधी खिडकीशी धरून पाहा. आणि यंदा गच्चीवर सगळ्यांचा फोटो काढताना मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे यंत्र चेहऱ्याचा उजेड मोजेल. मागचे आकाश पांढरे पडले तर पडू द्या.