दुसऱ्याने लिहिलेला कोड : आत शिरायचं कुठून?

सॉफ्टवेअर आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्रामचा नकाशा : मोठे भाग कोणते, कोण कोणाशी बोलतो आणि कुठला निर्णय नंतर बदलायला महाग पडतो. पण नोकरीत हातात येतो तो बहुतेकदा आधीचाच कोड, आणि नकाशा काढणारा माणूस केव्हाच सोडून गेलेला असतो.

माझं तेच झालं. वटारहून नालासोपारा गाठून लोकल पकडायचो, ते पहिल्या नोकरीचे दिवस. कंपनीतली आकृती तीन वर्षं जुनी. तिच्यावर विसंबून मी एक ओळ बदलली आणि ग्राहकांना एकच बिल दोनदा गेलं. बिल पाठवणारा दुसरा भाग आकृतीत नव्हताच!

सरावाला मी ईआरपीनेक्स्ट सुचवतो. मुंबईत बनलेलं, मुक्त स्रोत असलेलं हे व्यवसायाचं सॉफ्टवेअर गिटहबवर फोनवरूनही वाचता येतं. फक्त पहिल्या फाइलपासून वाचत बसू नका. एक काम पकडा, त्याच्या मागे जा. उदाहरणार्थ, 'सेल्स इन्व्हॉइस' सबमिट केलं की काय होतं?

इथे अशा प्रत्येक दस्तऐवजाला 'डॉकटाइप' म्हणतात. त्याच्या फोल्डरमधल्या जेसन फाइलमध्ये रकाने असतात, पायथनमध्ये सर्व्हरवरचे नियम, जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मचं वागणं. सबमिटचं फंक्शन शोधलं की खातेवहीच्या नोंदी कुठे होतात ते सापडतं. पण अर्धे नियम त्या फाइलमध्ये नसतातच. ते वर, विक्री, साठा आणि हिशोब सांभाळणाऱ्या तीन मूळ क्लासमध्ये एकावर एक रचलेले आहेत. नवखे इथेच अडकतात.

आणि 'हुक्स'ची फाइल चुकवू नका. दुसरं ॲप तिथूनच गुपचूप जोडलं जातं. जीएसटीचे नियम आधी ईआरपीनेक्स्टमध्येच होते. 14व्या आवृत्तीपासून ते 'इंडिया कंप्लायन्स' या वेगळ्या ॲपमध्ये गेले. इन्व्हॉइसची फाइल कितीही वाचा, ते तिथे दिसणार नाहीत. माझं दुसरं बिल अशाच एका जोडणीतून निघालं होतं.

'काय' कळलं, पण 'का' कळत नसेल तर 'गिट ब्लेम' लावा. ओळ कोणी, कधी बदलली ते दिसतं, आणि नशीब असेल तर कमिटच्या संदेशात कारणही मिळतं. नशीब नसतं तेव्हा काय करायचं? 2011 मध्ये मायकेल नायगार्ड यांनी सुचवलं, की प्रत्येक मोठ्या निर्णयाची छोटी टिपण कोडशेजारीच ठेवा : परिस्थिती काय होती, काय ठरवलं, परिणाम काय.

समजलेलं दुसऱ्याला सांगायला सायमन ब्राऊन यांचं 'सी4' मॉडेल चांगलं. त्यात चार पातळ्या आहेत. मी दोनच काढतो, बाकीच्या फार लवकर शिळ्या होतात. प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा : 'बिल पाठवतं', 'साठा वाचतं'. नुसता बाण काहीच सांगत नाही. आकृती मर्मेडमध्ये मजकूर म्हणून लिहिली तर 2022 पासून गिटहब तिचं चित्र करून दाखवतं, म्हणजे कोडसोबत तीही बदलता येते. खाली तारीख टाका. आमच्या जुन्या आकृतीवर ती नव्हती; तीन वर्षांचा हिशोब मला नंतर गिटमधूनच कळला.