कृष्णाकाठचा लोकरी मावा
उसाच्या पानाखाली पांढऱ्या, मेणकट लोकरीआड राहून रस शोषणारा लोकरी मावा भारतात पूर्वी प्रामुख्याने ईशान्येकडील दमट प्रदेशात आढळे. २००२ मध्ये तो सांगली जिल्ह्यात दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरला. तारळी-कृष्णा संगमाजवळच्या उंब्रजसारख्या बागायती पट्ट्यात दाट ऊस, पाटपाणी, ढगाळ हवा आणि सौम्य तापमान एकत्र येत असल्याने अशा किडीस पोषक परिस्थिती लाभते, मात्र कडक उन्हाळ्यात तिची वाढ मंदावते. माव्याने सोडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढून पानांची अन्न तयार करण्याची क्षमता घटते. अखेरीस फवाऱ्यांपेक्षा मोलाचे ठरले ते डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक, म्हणजे माव्यावरच जगणारे कीटक, कारण तेही याच हवेत वाढले.