बोंडअळीच्या मागावर गांधीलमाशी

खान्देशातील कापूस उत्पादकाला २०१७ चा खरीप हंगाम सहजासहजी विसरता येणार नाही. त्या वर्षी जळगाव, धुळ्यासह राज्यभर गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजवला. ज्या बीटी वाणांवर शेतकरी विसंबला होता, त्यांना ही अळी जुमानेनाशी झाली. अंड्यातून बाहेर पडताच ती फुलात वा बोंडात शिरते; मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला गाठायचे तर अंड्यातच. हे काम करणारा कीटक म्हणजे ट्रायकोग्रामा, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी.

एवढ्याशा जीवाला हिरव्यागार शेतात टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान अंडे सापडते कसे? उत्तर आहे गंध. अंड्याला स्वतःचा वास फारसा नसतो, म्हणून ही माशी अंडे घालणाऱ्या मादी पतंगाचा माग काढते. पतंगाच्या पंखांवरून गळणारे खवले पानावर पडतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९७३ मध्ये अमेरिकन बोंडअळीच्या जवळच्या नातलग पतंगाच्या खवल्यांतून ट्रायकोसेन हा हायड्रोकार्बन ओळखला. त्याच्या सान्निध्यात माशीचा वेग मंदावतो, ती वळणे घेत तोच तुकडा धुंडाळते. एकाचा गंध दुसऱ्याच्या फायद्याचा ठरला, की त्याला 'कैरोमोन' म्हणतात.

यात एक अडचण आहे. पतंगाचे मीलन रात्री, तर माशीचा वावर दिवसा. पण मादीने नराला बोलावण्यासाठी सोडलेला कामगंध पानांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतो आणि सकाळी माशीला वाट दाखवतो. शेतकरी ज्या कामगंध सापळ्यांत नर पतंग पकडतो, त्याच भाषेतला हा संदेश!

अळीवर वाढणाऱ्या गांधीलमाश्यांना तर खुद्द झाडच मदत करते. अळीने कुरतडलेले कपाशीचे झाड टर्पीनवर्गीय गंध सोडते, न कुरतडलेल्या पानांतूनही. कोणती अळी खाते आहे यानुसार हा गंध बदलतो आणि माशी तो फरक ओळखते, हे १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

ट्रायकोग्रामा प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात. अशी सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेले 'ट्रायकोकार्ड' मिळते. एकरी साधारण तीन कार्डे लागतात. कार्डाचे तुकडे करून ते पानांच्या खालच्या बाजूला टाचावेत, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पांढरी अंडी काळी पडलेली दिसली, की आत माशी वाढते आहे असे समजावे. कार्ड लावण्याच्या आगेमागे विषारी फवारणी करून मात्र चालत नाही. पैसे देऊन आणलेल्या माश्या आपणच मारल्या जातात, आणि हा प्रकार शेतात नेहमी घडतो.