मुसलमान, कोकणातील आद्य : श्रद्धा व राजनिष्ठा

इस्लामच्या प्रारंभकाळी ‘मुसलमान’ या एकाच संज्ञेत श्रद्धेचे व निष्ठेचे अनेक स्तर सामावलेले होते. मक्का सोडून इ. स. ६२२ मध्ये मदीनेस आलेले मुहाजिर आणि त्यांना आश्रय देणारे अन्सार यांना अग्रमान होता. उहुदच्या लढाईपूर्वी (६२५) सु. ३०० लोकांनिशी परत फिरलेला अब्दुल्ला इब्न उबय्य मात्र मुनाफिकांचा (दांभिकांचा) म्होरक्या मानला गेला. बाह्य शरणागती (इस्लाम) व आंतरिक श्रद्धा (ईमान) यांतील भेद वाळवंटी टोळ्यांच्या संदर्भात कुराणातही केलेला आहे. खलीफा उमर याने तर धर्मस्वीकारातील ज्येष्ठतेनुसार वेतने ठरविली.

कोकणात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. येथे सत्ता हिंदू राजांची होती; त्यामुळे धर्म एकाचा व चाकरी दुसऱ्याची, अशी स्थिती होती. अल् मसूदी हा अरब प्रवासी ३०४ हिजरीत (९१६–१७) सैमूर म्हणजे चौल येथे आला, तेव्हा तेथे सु. १०,००० मुसलमान होते. त्यांत सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच ‘बयासिरा’ म्हणजे येथेच जन्मलेले मुसलमानही होते. त्यांचे तंटे सोडविण्यासाठी राजा त्यांच्यातीलच एका प्रमुखास नेमी. त्यास ‘हुनरमन’ म्हणत.

हे पद किती अवघड होते, हे बुजुर्ग इब्न शहरियारच्या नावे असलेल्या अजाइब अल्-हिंद या ग्रंथातील एका कथेवरून कळते. सीराफच्या एका खलाशाने सैमूरच्या देवालयातील मूर्तीची विटंबना केली. अरबांशी करार असल्याने राजाने परस्पर शिक्षा न देता, असे कृत्य मशिदीत घडल्यास तुमचा धर्म काय सांगतो, असे अब्बास इब्न माहान या हुनरमनास विचारविले. त्याने देहदंड सांगितला व त्याप्रमाणे अंमल झाला. त्यानंतर मात्र अब्बास गुपचूप सैमूर सोडून गेला. सागरी कथांत अतिशयोक्ती पुष्कळ असते. तथापि त्यातील पेच अस्सल वाटतो.

राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील चिंचणी ताम्रपट (शके ८४८, इ. स. ९२६) हा याहून भक्कम पुरावा होय. ताजिक कुळातील मधुमती ऊर्फ सुगतिप याच्याकडे संयान (संजाण) मंडलाचा कारभार होता. ‘मधुमती’ हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. त्याच्या पित्याचे ‘सहियारहार’ हे नाव म्हणजे शहरियार. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तेथे आपले अधिकारी नेमले, प्रवाशांसाठी तरी सुरू केल्या व मोफत अन्नसत्र घातले. भगवतीच्या मठिकेस त्याने राजाच्या संमतीने भूमिदानही दिले. एवढ्यावरून त्याची धर्मश्रद्धा शिथिल होती असे म्हणणे घाईचे ठरेल. प्रांताधिकाऱ्याचे ते कर्तव्यच होते.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस गोव्यात कदंबांच्या राज्यात याची दुसरी बाजू दिसते. पहिल्या जयकेशीच्या कारकीर्दीत, अकराव्या शतकाच्या मध्यास, ताजिक घराण्यातील छडम हा अधिकारी प्रबळ होता. त्याने बांधलेल्या ‘मिजिगिती’च्या, म्हणजे मशिदीच्या, खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसविण्यास राजाने अनुमती दिली. तो ताम्रपटही संस्कृतातच आहे.