पुढच्या आवृत्तीची वाट पाहणारे छापखाने

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लांबली की ग्राहक चिडतो, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजची घोषणा नोव्हेंबर १९८३मध्ये केली आणि पहिली आवृत्ती बाजारात आली ती नोव्हेंबर १९८५मध्ये. त्या ग्राहकांच्या हाती निदान कंपनीचा शब्द होता. तो पाळला गेला नाही की जाब विचारता येत होता. मराठी छापखान्यांनी, प्रकाशकांनी आणि वृत्तपत्रांनी जी वाट पाहिली तिच्यामागे कोणाचा शब्दच नव्हता. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेताच्या पहिल्या आवृत्तीत १९९१ साली देवनागरीला जागा मिळाली. पाने लावण्याच्या प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये ती अधिकृतपणे चालायला मात्र २०१२ उजाडले. ही एकवीस वर्षे आपल्या लिपीच्या अवघडपणापायी गेली, असे सर्रास सांगितले जाते. पुरावे नीट पाहिले तर हे कारण पुरेसे पडत नाही. मराठी माणूस संगणक विकत घेत होता, त्यावर रोज काम करत होता. पण मराठीचा ग्राहक म्हणून तो मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात धरलाच गेला नाही, आणि त्याने स्वतःही तसा आग्रह धरला नाही.

आधी छापखान्यात काय चालले होते ते पाहिले पाहिजे. अल्डस कंपनीचे पेजमेकर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर १९८५ साली आले आणि काही वर्षांत खिळे जुळवणाऱ्या हातांच्या जागी डीटीपी ऑपरेटर आले. पेजमेकरला देवनागरी येत नव्हती. म्हणून आपल्याकडच्या तंत्रज्ञांनी वाट काढली: सॉफ्टवेअरला वाटावे की रोमन अक्षरे टाइप होत आहेत, आणि फाँटने त्या जागी क, ख, ग काढून दाखवावेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम यांवर मराठीतली असंख्य पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका छापल्या गेल्या. हे काम लहान नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, आणि त्याच परंपरेतल्या १९८८च्या इस्की संकेतावर युनिकोडचा देवनागरी तक्ता बेतला गेला. म्हणजे पाया आपल्याच माणसांनी घातला होता. पण फाँटची क्लृप्ती कागदापुरतीच होती. फाईलमध्ये मराठी नव्हतेच. फाँट काढून घेतला की उरायचा तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग. प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा, त्यामुळे एका छापखान्याची फाईल दुसऱ्याच्या कामाची नसे.

एकच शब्द जवळून पाहू: किर्लोस्कर. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो, आधी क, मग वेलांटी, मग पाय मोडलेला र, मग ल. जुन्या फाँटमध्ये तो डोळ्यांना दिसतो तसा साठवलेला असे. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती क च्या आधी, रफार ल च्या डोक्यावर दिसतो म्हणून तो ल नंतर, आणि अर्धा स हे स्वतंत्र चिन्ह. अशी फाईल युनिकोडमध्ये आणायची तर कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी ठेवावा लागतो. एखादा निसटला की अर्थ बिघडतो, आणि दोनशे पानांच्या पुस्तकात तो शोधायला पुन्हा माणूसच बसवावा लागतो. उलट दिशेचा त्रास रोजचा होता. लेखक युनिकोडमध्ये लेख पाठवू लागले तेव्हा पेजमेकरमध्ये तो मजकूर चिकटवला की प्रश्नचिन्हांच्या रांगा यायच्या. मग पुन्हा टायपिंग, पुन्हा प्रूफ. लेखक वैतागायचा तो ऑपरेटरवर, ऑपरेटर फाँट विकणाऱ्यावर. ज्या कंपनीने नवी आवृत्ती द्यायला हवी होती तिच्यापर्यंत यातले काहीच पोचत नव्हते.

आता लिपीच्या अवघडपणाचा मुद्दा. देवनागरी रोमनपेक्षा अवघड आहे यात वाद नाही: जोडाक्षरे, वेलांटीची उडी, आणि मराठीचा खास अर्धा ऱ. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक यंत्राला कळलाच पाहिजे, नाहीतर गुरूंना स्वयंपाकाला बसवल्यासारखे होईल. पण हा प्रश्न मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००मध्ये बऱ्याच अंशी सोडवला होता. त्यासोबत आलेला मंगल हा फाँट तर र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवलेला. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलच्या एका खिडकीत एक चौकट टिक करून मूळ सीडी घालावी लागे, मग मराठी नीट उमटे. म्हणजे २०००च्या सुमारास वर्डमध्ये मराठी पत्र लिहिता येत होते आणि पेजमेकरमध्ये तेच पत्र छापता येत नव्हते. पेजमेकर पुढे ज्या कंपनीकडे गेले त्या अडोबीने त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आणली आणि २००४मध्ये त्याचा विकास थांबवला. त्याच्या जागी आलेले इनडिझाइन १९९९चे. जपानी आणि अरबी-हिब्रू लिप्यांसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या काही वर्षांतच निघाल्या, आणि त्या लिप्याही काही सोप्या नाहीत. सर्वांत बोलका पुरावा २००८चा आहे. त्या वर्षीच्या सीएस ४ आवृत्तीत सर्व लिप्या हाताळणारे इंजिन आतल्या आत बसवलेले होते, फक्त ते चालू करण्याचे बटण पडद्यावर दिले नव्हते. जाणकार मंडळी स्क्रिप्ट लिहून ते जागे करत, आणि मग त्यात भारतीय लिप्या, अर्धवट का होईना, चालत. भारतीय भाषांसाठी ते अधिकृतपणे खुले झाले २०१२च्या सीएस ६ आवृत्तीत. ही मधली चार वर्षे कोणत्या तांत्रिक अडचणीच्या खात्यावर मांडायची?

दोन चिन्हांची तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. इस्कीत आणि त्यामुळे युनिकोडमध्ये ‘ऍ’ होता, पण मराठी लिहिणारा ‘ॲ’ लिहितो, अ वर चंद्र देऊन. ‘ॲसिड’, ‘ॲडव्होकेट’, ‘ॲल्युमिनियम’ हे शब्द मराठी वृत्तपत्रात रोज लागतात. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती एप्रिल २००८च्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे सुमारे सतरा वर्षांनी. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र चिकटवत. काही ठिकाणी तो ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून वेगळाच पडे, म्हणून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालत. आजही एकच शब्द जालावर दोन-तीन प्रकारे साठवलेला सापडतो आणि शोधताना एक मिळाला तर दुसरा निसटतो. याउलट रुपयाचे चिन्ह पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.०मध्ये आले आणि २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी त्याचा अपडेट दिला. एक चिन्ह तीन महिन्यांत, दुसरे सतरा वर्षांत. रुपयामागे सरकार ठामपणे उभे होते. ‘ॲ’मागे तसे कोणी उभे राहायला फार उशीर झाला. संगणकयुगासाठी मराठी वर्णमाला निश्चित करणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णयसुद्धा ६ नोव्हेंबर २००९चा, म्हणजे अक्षर युनिकोडमध्ये आल्यानंतरचा आहे. सगळा दोष परदेशी कंपन्यांवर टाकता येत नाही तो यासाठी.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे: पेजमेकरच्या चोरीच्या प्रती गल्लोगल्ली होत्या, मग पैसे न देणाऱ्यासाठी कंपनी का राबेल? चोरी होत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच छापखाने श्री-लिपीसारखे मराठीचे सॉफ्टवेअर पैसे मोजून घेत होते. मराठी देणाऱ्याला मराठी छापखान्याने पैसे दिले, ही साधी नोंद या आक्षेपात गाळली जाते. शिवाय मोठी वृत्तपत्रे होती, आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली करून आपला कारभार मराठीत चालवणारे खुद्द राज्य शासन होते. इतका मोठा खरेदीदार निविदेत ‘युनिकोड मराठी चालल्याशिवाय देयक नाही’ एवढी अट वेळीच घालून ती पाळायला लावता, तर चित्र बदलले असते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे म्हणणे असे की काम कुठे अडले होते? पुस्तके निघत होती, अंक वेळेवर येत होते. हे म्हणणे छपाईपुरते खरे आहे, आणि तेच खरे दुखणे आहे. क्लृप्तीने काम भागत गेले म्हणून मागणीची धार बोथट झाली. पुस्तक छापून झाले की त्याची फाईल निरुपयोगी व्हायची. दुसरी आवृत्ती काढताना, ई-पुस्तक करताना, संशोधकाला एखादा संदर्भ शोधताना त्या फाईलमधून काही हाती लागत नव्हते. १९९० ते २०१० या काळात मराठीत जे छापले गेले त्यातले बरेचसे संगणकावर तयार होऊनही संगणकाला वाचता येत नाही. विकिपीडियाची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली ती युनिकोडमध्ये. तिच्या लेखकांना संदर्भासाठी पुन्हा छापील पुस्तकेच उघडावी लागली.

ज्या प्रकाशकांच्या कपाटात जुन्या सीडी आणि हार्ड डिस्क पडून आहेत त्यांनी त्या फाईली आताच युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. ते फाँट चालवणारे जुने संगणक बंद पडत आहेत, फाँट चालू होण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी कुलपे (डाँगल) हरवत आहेत, आणि कोणत्या कळीवर कोणता अर्धा स होता हे ठाऊक असलेले ऑपरेटर निवृत्त होत आहेत. या कामासाठी कोणत्याही कंपनीच्या पुढच्या आवृत्तीची गरज नाही; कन्व्हर्टर उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या चुका दुरुस्त करणारी माणसे अजून हयात आहेत.