पन्नास वर्षांचे मौन

१/ आना आणि आर्माँ हे ज्यू प्रेमिक नाझींच्या तावडीतून निसटून स्वित्झर्लंडला पोहोचले. १९४८ मध्ये त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये एक पडके घर घेतले. काही वर्षांतच आना ते सोडून गेली आणि दोघांत सुमारे पन्नास वर्षांचा अबोला सुरू झाला.

२/ त्याचे कारण शोधण्यासाठी त्यांची नात, मिरांडा रिचमंड मुयो, त्याच गावी राहायला गेली.

३/ आर्माँ न्यूरेंबर्ग खटल्यात दुभाषे होते. तेथील तत्काळ अनुवाद प्रथमपुरुषी असे. आरोपी ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचे. मारेकऱ्याची साक्ष अशी दुभाष्याच्या मुखातून उमटे.

४/ त्या मौनाची मुळे नातीला तेथे दिसली. तिचे पुस्तक २०१५ मध्ये आले. युद्धात तगलेले प्रेम युद्धाच्या स्मृतीपुढे मात्र हरले.